रोध नेमका कुठे असतो?

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत विद्युत परिपथाची आकृती आपण सगळ्यांनी काढलेली असते. त्यात एक घट असतो, एक कळ असते, नागमोडी रेघेने दाखवलेला रोध असतो आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या, पट्टीने आखलेल्या सरळ रेघा असतात. गणित सोडवताना रोध मोजायचा तो फक्त नागमोडी रेघेत. सरळ रेघांचा रोध शून्य धरायचा. परीक्षेपुरते हे सोयीचे आहे. पण गिझरचा काळा पडलेला प्लग, विहिरीवरची जळालेली मोटार, एका रात्रीत चाळीतले टीव्ही आणि फ्रिज निकामी होणे, कूलरला ओला हात लागून गेलेला जीव, या घटना पाहिल्या तर त्यांचे मूळ बहुतेक वेळा त्या सरळ रेघांत सापडते. म्हणजे तारेत, सांध्यात, न्यूट्रलमध्ये आणि जमिनीत. रोधाच्या अभ्यासाला दोनशे वर्षे झाली. त्याचा आढावा घेताना मी नजर त्या सरळ रेघांवर ठेवणार आहे, कारण आपल्या शिक्षणात त्याच दुर्लक्षित राहिल्या आहेत असे माझे ठाम मत आहे.

आधी मुळाक्षरे. तारेच्या छेदातून दर सेकंदाला जितका विद्युतभार जातो ती विद्युतधारा, ती अँपिअरमध्ये मोजतात. धारा वाहायला दोन टोकांच्या विद्युतदाबात फरक लागतो, तो व्होल्टमध्ये. आणि ठरावीक दाबाला किती धारा वाहू द्यायची हे ठरवतो तो रोध, ओहममध्ये. आपल्या घरी येणाऱ्या २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास असतो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याच्या तारेचा रोध ८८० ओहमच्या घरात जातो. उपकरण जितके मोठे तितका त्याचा रोध कमी, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते आणि पुष्कळ विद्यार्थी इथेच अडखळतात.

नळाच्या पाण्याची उपमा शिक्षक हमखास देतात: टाकीची उंची म्हणजे दाब, पाण्याचा प्रवाह म्हणजे धारा, अरुंद नळी म्हणजे रोध. उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी ती दगा देते. नळी कापली तर पाणी बाहेर सांडते. तार कापली तर सगळ्या वाटेवरची धारा त्याच क्षणी थांबते, कारण धारेला बंद वळसा लागतो. गिझरमध्ये एका तारेने ८.७ अँपिअर जातात आणि दुसऱ्या तारेने तितकेच परत येतात. खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे. ‘उपकरण करंट खाते’ हे बोलण्यापुरते ठीक, पण जितकी गेली तितकी परत आली पाहिजे हा नियम ध्यानात ठेवावा. माणसाचा जीव वाचवणारे एक यंत्र याच नियमावर चालते, त्याकडे शेवटी येतोच.

आता हे सगळे ज्याच्या नावाने शिकवले जाते त्या गेओर्ग ओहमकडे वळू. जर्मनीतल्या एर्लांगन गावी १७८९ साली जन्मलेला हा कुलपे घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. व्होल्टाने १८०० साली आपला घट जगापुढे ठेवला होता, १८२० साली ओर्स्टेडने धारेमुळे चुंबकसुई हलते हे दाखवले होते. म्हणजे धारा निर्माण करता येत होती आणि तिचा परिणाम मोजताही येत होता. पण तारेची लांबी वाढवली की परिणाम नेमका किती कमी होतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ओहमने १८२५ साली पहिला निबंध लिहिला, त्यातले सूत्र चुकले. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. त्या काळचे घट वापरता वापरता कमजोर होत, दाब स्थिर राहत नसे, मग मोजमाप जुळणार कसे? भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फने त्याला सुचवले की घट सोडून दे आणि नुकताच सापडलेला सीबेकचा परिणाम वापर. तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंच्या पट्ट्या जोडायच्या, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. तापमानातला फरक कायम असेपर्यंत दाबही कायम. ओहमने या जोडणीत तांब्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकामागून एक लावल्या आणि वर टांगलेल्या चुंबकसुईचे वळण मोजले.

१८२६ साली हाती आलेल्या सूत्रात चुंबकसुईचे वळण एका स्थिर संख्येला ‘ब अधिक तारेची लांबी’ने भागल्यावर मिळत होते. तो ‘ब’ म्हणजे चाचणीची तार सोडून उरलेल्या सगळ्या परिपथाचा रोध: पट्ट्यांचा, सांध्यांचा, जोडतारांचा. ओहमने तो शून्य धरला नव्हता. पुढच्या वर्षी, १८२७ साली, त्याचे गणिती मांडणीचे पुस्तक आले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली, तोवर चौदा वर्षे गेली होती. आणि पाठ्यपुस्तकात नियम उतरला तेव्हा तो ‘ब’ बहुतेक ठिकाणी गळून पडला. आज घटाच्या अंतर्गत रोधाचा उल्लेख वरच्या वर्गात येतो, सांध्याच्या रोधाचा तिथेही क्वचितच येतो.

ओहमच्या आधी अर्धशतक इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हाच संबंध ओळखला होता. विद्युतभार साठवणारे लेडन जार रिकामे करताना आपल्या शरीराला बसणारा झटका हेच त्याचे मोजमापाचे साधन. मिठाच्या द्रावणाच्या नळ्या बदलत तो झटक्यांची तुलना करत असे. त्याने हे छापलेच नाही. मॅक्सवेलने त्याच्या वह्या संपादित करून १८७९ साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाला कळले.

ओहमनंतरची बांधणी भराभर झाली. १८४१ साली जूलने दाखवले की तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणजे धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट. १८४५ साली कोनिग्सबर्गमध्ये शिकत असलेल्या किरखॉफने दोन नियम मांडले. सांध्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या धारांची बेरीज सारखी असते. आणि कोणताही बंद वळसा पूर्ण केला की दाबाचे चढ आणि उतार बरोबर फिटतात. परिपथाच्या अभ्यासाचा पाया एवढाच आहे. एकसर जोडणीत रोधांची बेरीज का होते, समांतर जोडणीत एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी का होतो, हे सारे या दोन नियमांतून निघते. ‘वीज सर्वांत कमी रोधाच्या वाटेने जाते’ हे लोकप्रिय वाक्य मात्र त्यातून निघत नाही. वीज उपलब्ध असलेल्या सगळ्या वाटांनी जाते, ज्या वाटेचा रोध कमी तिथून जास्त आणि ज्या वाटेचा जास्त तिथून कमी. समांतर वाटांपैकी एक वाट माणसाच्या शरीरातून गेलेली असली, तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

रोध मुळात का असतो, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि तीनच वर्षांत पाउल ड्रूडने चित्र मांडले की धातूत मोकळे इलेक्ट्रॉन धावतात, अणूंवर आपटतात आणि आपली ऊर्जा तिथे टाकतात. चित्र उपयोगी होते, पण अपुरे. १९२८ साली फेलिक्स ब्लॉखने पुंजयांत्रिकीच्या आधारे सिद्ध केले की अणू अगदी शिस्तीत, समान अंतरांवर रचलेले असतील तर इलेक्ट्रॉनाला त्यांचा अडथळाच होत नाही. रोध येतो तो शिस्त मोडल्यामुळे, म्हणजे उष्णतेने अणू थरथरतात, स्फटिकात भेसळ असते किंवा जागा रिकाम्या असतात त्यामुळे. म्हणून तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणूनच पिवळ्या बल्बच्या थंड टंगस्टन तारेचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. बटण दाबल्याच्या क्षणी धारेचा लोंढा जातो, आणि जुने बल्ब बहुधा तेव्हाच उडत. निकेल आणि क्रोमियमचे मिश्रण केले की शिस्त कायमची मोडते. नायक्रोमची रोधकता तांब्याच्या साठ-पासष्ट पट असते, म्हणून शेगडीची आणि इस्त्रीची कॉइल त्याची करतात.

इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात हेही सांगायला हवे, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर धारा जात असेल तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटर इतका भरतो. आपल्या घरात तर धारा सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे पुढेमागे होतात. वीजकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन आपल्या दिव्यापर्यंत येत नाही. दिव्यापर्यंत येतो तो विद्युतक्षेत्रातला बदल, आणि तो प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करणाऱ्या वेगाने येतो.

मग रोध खरोखरच शून्य होऊ शकतो का? होतो. ८ एप्रिल १९११ रोजी हॉलंडमधल्या लायडन येथे कामरलिंग ओनेसच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनला थंड केला तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. १९८६ साली झुरिचजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना तुलनेने बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होणारे सिरॅमिक सापडले, आणि पुढच्याच वर्षी द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर अतिवाहक राहणारे पदार्थ आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ साली शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात अतिवाहकता सापडली, पण ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एक हजारांश अंशही नाही इतक्या थंडीत. ओहमने ज्या धातूच्या जोडीने रोधाचा नियम शोधला, त्याच बिस्मथचा रोध मुंबईत शून्यावर आला याचे मला अप्रूप वाटते. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंगला याच्या उलट टोकाचे काही सापडले. अतिशय थंडीत आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पातळ थराचा आडवा रोध मधल्या किमती सोडून पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो आणि त्या पायऱ्या २५,८१२.८०७ ओहमच्या अपूर्णांकांवर येतात. पदार्थ कोणताही घ्या, आकडा तोच. आज जगभरच्या प्रमाण प्रयोगशाळा ओहमचे माप यावरूनच काढतात.

पण ओहमच्या मापाची निकड प्रयोगशाळेत निर्माण झाली नव्हती, ती निर्माण केली तारायंत्राने. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच मुकी झाली. संदेश नीट पोचेनात म्हणून तिच्यावर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला गेला आणि आवरण फुटले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १८६१ साली मापांची समिती नेमली गेली. विल्यम थॉमसन तिच्यात होता, पुढे मॅक्सवेलही आला. तिकडे जर्मनीत वेर्नर सीमेन्सने एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हेच रोधाचे माप धरले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एकके जगाने स्वीकारली. एवढा खटाटोप का? समुद्रात तार तुटली की तुटीची जागा किनाऱ्यावर बसून शोधायची ती रोध मोजूनच. तारेच्या दर मैलाला किती ओहम हे माहीत असले की मोजलेल्या रोधावरून तूट किती मैलांवर आहे ते कळते, आणि जहाज थेट तिथे जाते. एडन आणि सुएझमार्गे मुंबई १८७० साली समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली ती याच विद्येच्या भरवशावर. जमिनीखालच्या केबलमधला बिघाड आजही याच तत्त्वावर शोधता येतो. इथे सरळ रेघेचा रोध मोजणे हाच धंदा होता.

एडिसनचे मोठेपण लोक बल्बमध्ये शोधतात, मला ते त्याने बल्बचा रोध किती ठेवला यात दिसते. त्याच्या आधीच्या आणि समकालीन दिव्यांत कार्बनच्या जाड कांड्या असत, त्यांचा रोध काही ओहमच असे. असे दिवे गावभर समांतर जोडायचे तर धारा प्रचंड होते आणि तांब्याच्या तारा मनगटाएवढ्या जाड लागतात. एडिसनने १८७९ साली बारीक तंतू घेऊन रोध शंभर ओहमच्या आसपास नेला. दिव्याचा रोध वाढला, धारा घटली, तांबे वाचले, आणि १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून शहराला वीज विकणे परवडले. तरीही ११० व्होल्टची ती वीज मैलभराच्या पुढे जाताना तारेतच विरत होती. रोध दिव्यात पाहिजे, तारेत नको, हे सूत्र त्याने दिव्यापर्यंत पाळले. तारेचे उत्तर प्रत्यावर्ती धारा आणि रोहित्र यांनी दिले: दाब वाढवायचा, म्हणजे तीच शक्ती कमी धारेने जाते आणि तारेतला नाश घटतो.

उच्चदाबाचे ते उत्तर आपल्याकडे दोन ठिकाणी चांगले दिसते. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला आणून टाटांच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ती उच्चदाबानेच. आणि १९९९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूर–पडघे वाहिनी कोळशाच्या पट्ट्यातली वीज साडेसातशे किलोमीटर पश्चिमेला आणते, अधिक-उणे पाचशे किलोव्होल्टच्या एकदिश धारेने, पूर्ण क्षमतेला १५०० मेगावॅट. भागाकार करून पाहा, धारा फक्त १५०० अँपिअर होते. हीच शक्ती २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील. इतक्या धारेला पुरेल अशी तार या पृथ्वीवर कोणी ओढू शकणार नाही. एकदिश धारा निवडण्याचे कारण असे की इतक्या लांब प्रत्यावर्ती वाहिनीत रोधाच्या जोडीला चुंबकीय अवरोधही आडवा येतो.

पण रोधाची खरी झळ बसते ती वाहिनीच्या शेपटाला. गावाबाहेरच्या डीपीपासून किलोमीटरभर गेलेल्या लघुदाब वाहिनीच्या शेवटी पाच एचपीच्या दहा मोटारी आहेत असे धरू. एक मोटार साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते, म्हणजे दहा मिळून ७५ ते ८०. अशा वाहिन्यांवर सर्रास दिसणाऱ्या बारीक ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या आसपास असतो. ७५ अँपिअरला शेवटच्या खांबावर प्रत्येक फेजमागे साठ-सत्तर व्होल्ट कमी पोचतात. २३० चे १६५ उरतात. दाब कमी झाला म्हणून मोटार कमी धारा घेत नाही. तिला विहिरीतले पाणी तितकेच उचलायचे असते, म्हणून ती जास्त धारा ओढते. त्याने तारेतली घट आणखी वाढते, वाइंडिंग तापते, आवरण करपते आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. शेतकऱ्याला दुरुस्तीचे बिल येते आणि वर ‘तुमची मोटारच खराब’ हे ऐकावे लागते.

याच वाहिनीत तीन तारांत मिळून पंधरा किलोवॅट उष्णता होऊन वाया जाते. आता त्याच खांबांवरून त्याच तारेने ११ किलोव्होल्टचा दाब विहिरीपर्यंत नेला आणि तिथे लहान रोहित्र बसवले तर? धारा ७५ ची २.७ अँपिअर होते आणि तारेतला नाश धारेच्या वर्गाने घटतो, पंधरा किलोवॅटचे साधारण वीस वॅट राहतात. महावितरणची उच्चदाब वितरण प्रणाली या एका गुणाकारावर उभी आहे. एकदोन पंपांना एक स्वतंत्र रोहित्र, लघुदाब तार जवळजवळ नाहीच. आकडा टाकायला लघुदाब तारच उरत नाही हा आणखी एक फायदा. खर्च जास्त आहे हे खरे, पण शेतीच्या विजेवर बोलताना फक्त थकबाकीबद्दल बोलणाऱ्यांनी हा पंधरा किलोवॅटचा हिशेबही मांडला पाहिजे.

आता घरात येऊ. वायरमनच्या सिरीज बोर्डवर १०० वॅटचा आणि ४० वॅटचा बल्ब एकसर लावले तर कोणता जास्त उजळेल? बहुतेक लोक १०० चा म्हणतात. १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम, ४० वॅटचा १,३२२. धारा दोघांतून एकच, म्हणून २३० पैकी सुमारे १६४ व्होल्ट ४० वॅटच्या वाट्याला येतात आणि ६६ व्होल्ट १०० वॅटच्या. प्रत्यक्षात १०० वॅटची तार थंड राहिल्याने तिचा रोध आणखी उतरतो आणि ती नुसती लालसर होते. उजळतो तो ४० वॅटचा.

प्रयोगशाळेतली ही गंमत इमारतीत आली की तिचे संकट होते. इमारतीला तीन फेज आणि एक सामाईक न्यूट्रल येतो. प्रत्येक घर एका फेजवर, परतीची वाट सगळ्यांची एकच. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, पण न्यूट्रल धड आहे तोवर कोणाला २३० च्या वर काही दिसत नाही. एक दिवस खांबावर किंवा मीटरच्या पेटीत न्यूट्रलचा सांधा सुटतो. आता वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे ४०० व्होल्टला एकसर जोडली गेली. एका घरात गिझर चालू आहे, रोध २६ ओहम. शेजारी फक्त टीव्ही आणि एक दिवा, मिळून शंभर वॅट, रोध ५२९ ओहम. मोठ्या रोधावर मोठा दाब, म्हणून शेजारच्या घरात ३८० व्होल्ट जातात आणि टीव्ही फटकन जातो. गिझरवाल्याचे पाणी मात्र गार राहते, एवढेच. लोक म्हणतात ‘हाय व्होल्टेज आला’, काही म्हणतात ‘डबल फेज आली’. वरून काहीही जास्त आलेले नसते. एक सरळ रेघ तुटलेली असते. ज्याने कमीत कमी वीज वापरली त्याचेच नुकसान सर्वांत जास्त, हा अन्याय किरखॉफच्या दुसऱ्या नियमातून सरळ निघतो, आणि पाठ्यपुस्तकात हे उदाहरण असायला काय हरकत आहे हे मला समजत नाही.

ढिला सांधा हा याचाच धाकटा भाऊ, पण जास्त कपटी. गिझरच्या प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसते आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार होतो. धारा ८.७ ऐवजी ८.५ अँपिअर होते आणि त्या पिनेच्या टोकाशी ३६ वॅट उष्णता साठते. सोल्डरिंगचे छोटे हत्यार २५ वॅटचे असते. पिनेभोवती आधी तपकिरी कडे पडते, मग करपट वास येतो. पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो, आतल्या पत्तीचा ताण जातो, रोध अर्ध्याचा एक होतो. हे होत असताना जादा धारेला पडणारा एमसीबी शांत असतो, कारण त्याच्या दृष्टीने धारा वाढलेली नाही, उलट थोडी कमीच झाली आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ४० मीटर तारेचा, म्हणजे पेटीपासून बाथरूमपर्यंतच्या २० मीटरच्या जाण्यायेण्याचा रोधही साधारण तेवढाच, अर्धा ओहम. तिथेही तितकीच उष्णता होते. पण ती ४० मीटरवर पसरते, मीटरला एक वॅटही पडत नाही. तोच अर्धा ओहम पसरला तर निरुपद्रवी आणि एका पिनेत गोळा झाला तर आग. रोध किती आहे एवढेच विचारून भागत नाही, तो कुठे आहे हे विचारावे लागते.

ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची तार नुसती पिळून जोडली की हेच घडते, कारण ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर वीज वाहून नेत नाही. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच जुन्या तारेवर मोठा एमसीबी चढवणारे लोक तर तारेलाच कॉइल बनवतात.

शेवटची सरळ रेघ जमिनीची. ओल्या शरीराचा रोध हातापासून पायापर्यंत हजार-दीड हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला दीडशे मिलिअँपिअर धारा छातीतून जाते, आणि हृदयाचे ठोके बिघडायला त्याहून कमीही पुरते. १६ अँपिअरच्या एमसीबीला ही धारा जाणवतही नाही. तो तारेच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. उपकरणाच्या पत्र्याला फेज लागली तर अर्थिंगने इतकी धारा खेचावी की एमसीबी पडेल, अशी अपेक्षा असते. पण घरचा अर्थिंगचा खड्डा आणि डीपीचे अर्थिंग मिळून त्या वाटेचा रोध २० ओहम असेल तर धारा होते साडेअकरा अँपिअर. एमसीबी पडत नाही, आणि पत्रा जिवंत राहतो. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काळ्या मातीत ओल असेपर्यंत खड्डा चांगला काम करतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, आणि मुरमात किंवा कातळात तर तो मुळातच कमजोर असतो. कोळसा आणि मीठ भरण्याची, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतण्याची रीत त्यासाठीच आहे. पण रोध मोजल्याशिवाय खड्डा बरा की वाईट हे कळत नाही. तो मोजण्याचे यंत्र, अर्थ टेस्टर, चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे असते.

इथे ते जीव वाचवणारे यंत्र, आरसीसीबी, कामाला येते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्यातल्या एकाच लोखंडी कड्यातून जातात. जितकी धारा गेली तितकी परत आली तर बेरीज शून्य. ३० मिलिअँपिअर जरी शरीरातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेले, तरी हिशेब चुकतो आणि सेकंदाच्या अंशात तो खटका पाडतो. एक मर्यादा आहे. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर हिशेब बरोबरच राहतो आणि तो काही करू शकत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की परिपथाचा धडा संपवताना एक गणित ढिल्या पिनेचे आणि एक तुटलेल्या न्यूट्रलचे घ्या. नवी सूत्रे लागत नाहीत, आहेत तीच पुरतात. आणि घर चालवणाऱ्यांना एवढेच सांगणे: गिझरचा, एसीचा, इस्त्रीचा प्लग वापरानंतर हाताला गरम लागत असेल तर तो सॉकेटसकट बदला. मीटरच्या पेटीतले आणि बोर्डातले स्क्रू वर्षातून एकदा, मेन बंद करून, जाणकाराकडून आवळून घ्या. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते, ते तीन महिन्यांतून एकदा दाबून पाहा. खटका पडला तर ठीक. पडला नाही तर तो त्याच आठवड्यात बदलून घ्या, आणि घरात आरसीसीबीच नसेल तर पुढच्या पावसाळ्याच्या आत बसवून घ्या.